फांदी किती पाणी पिते? घरगुती पोटोमीटरच्या नोंदी

पाटण खोऱ्यातल्या एका माध्यमिक शाळेच्या प्रयोगशाळेत पावसाळ्यापासून ऑक्टोबरपर्यंत आम्ही जे केलं त्याची ही वही. विज्ञान प्रदर्शनासाठी दरवर्षी कुणीतरी ‘बाष्पोच्छ्वास’ (पानांतून पाणी वाफ होऊन बाहेर पडणं) हा विषय घेतं. फांदीला प्लास्टिकची पिशवी बांधतात, आत थेंब जमले की झालं. मला आकडा हवा होता. या फांदीने दहा मिनिटांत किती पाणी ओढलं, हे मिलीलिटरमध्ये. त्यासाठी पोटोमीटर लागतो. तयार काचेचा महाग पडतो आणि मुलांच्या हातात टिकत नाही, म्हणून औषधाच्या दुकानातल्या आणि मत्स्यालयाच्या वस्तूंतून जोडला. तुम्ही करणार असाल तर पाण्याची काळजी करू नका, हवेची करा. खालच्या बहुतेक नोंदी हवेच्याच आहेत.

८ जुलै २०२४

सामान गोळा. मत्स्यालयाच्या दुकानातून ४ मिलिमीटर आतल्या व्यासाची सिलिकॉन नळी दीड मीटर आणि प्लास्टिकचे तीन टी-जोड, मिळून ५५ रुपये. औषधाच्या दुकानातून २० मिलीची सिरिंज आणि सलाईनला लावतात तो थ्री-वे कॉक, ४५ रुपये. १ मिलीचं काचेचं पिपेट (०.०१ मिलीच्या खुणा असलेलं) प्रयोगशाळेत होतं. विकत घ्यायचं तर शंभराच्या आसपास जाईल.

रचना अशी: टी-जोडाच्या एका तोंडाला नळी आणि तिच्यात फांदी, दुसऱ्या तोंडाला आडवं पिपेट, तिसऱ्याला थ्री-वे आणि सिरिंज. पिपेटचं मोकळं टोक पाण्याच्या चंचुपात्रात. ते क्षणभर बाहेर काढून परत बुडवायचं, की एक बुडबुडा आत शिरतो. फांदी पाणी ओढेल तसा बुडबुडा पिपेटवरून फांदीकडे सरकतो. टी-जोडापाशी पोचायच्या आत सिरिंज दाबून त्याला मागे ढकलायचं.

११ जुलै

पहिला दिवस वाया. मुलं आवारातून जास्वंदीची छान फांदी तोडून, धावत, भिजत घेऊन आली. ती नळीत बसवली आणि अर्धा तास सगळे वाकून बघत राहिलो. बुडबुडा जागचा हलेना.

झाडावरच्या फांदीत पाणी ताणलेलं असतं. पानं वरून ओढतात आणि खाली मुळाकडून ओघ आखडता असतो. हवेत कात्री चालवली की ती ताणलेली धार मागे सरते आणि कापलेल्या टोकातून हवा आत जाते. फांदीतल्या ज्या बारीक नळ्यांत हवा भरली त्यातून पाणी वर चढत नाही. म्हणजे फांदी प्रयोगशाळेत पोचायच्या आधीच निकामी झालेली.

आता पद्धत बदलली. बादली झाडाखाली नेतो, फांदी वाकवून पाण्यात बुडवतो आणि पाण्याखालीच तिरका काप देतो. वाकत नसेल तर वर लांब तोडून आणतो आणि बादलीत पाण्याखाली आणखी बोटभर कापतो, म्हणजे हवा शिरलेला तुकडा गळून पडतो. नळीत बसवायचंही पाण्याखालीच. मात्र पानं भिजू द्यायची नाहीत, ओल्या पानांवर काही मोजता येत नाही. पावसात हे साधायला एकाने छत्री धरावी लागते.

पाणी उकळून गार केलेलं घ्या. नळाच्या पाण्यात विरघळलेली हवा तासाभरात नळीच्या आतल्या बाजूला बारीक बुडबुड्यांनी जमते.

१६ जुलै

बुडबुडा चालला, आणि चांगला चालला. दहा मिनिटांत ०.१५ मिली. आनंद तिसऱ्या तासापर्यंत टिकला. आठवीतल्या एका मुलीने विचारलं, “मॅडम, पानं काढली तर थांबेल ना?” सगळी पानं खुडली. बुडबुडा तसाच, त्याच वेगाने निघाला. म्हणजे आम्ही फांदीचं नाही, गळतीचं माप घेत होतो.

ही गळती दिसत का नाही ते लक्षात घ्या. जोड चंचुपात्रातल्या पाण्याच्या पातळीखाली असेल तर फटीतून पाणी बाहेर झिरपतं आणि आधीच ओल्या सालीवर ते वेगळं दिसत नाही; जोड पातळीच्या वर असेल तर हवा आत येते आणि बुडबुडा उलट मंदावतो. कोरडा जोड म्हणजे घट्ट जोड असं समजू नका. पिपेटचं टोक बोटाने बंद करून सिरिंज हळू दाबली, की जिथे फट आहे तिथून थेंब येतो. आमच्याकडे फांदीच्या जोडातून आला, आणि टी-जोडाच्या एका तोंडालाही.

व्हॅसलीनने काम होईल असं सगळीकडे सांगतात. ओल्या सालीवर ते बसत नाही, आणि नळीत ढकलताना कापलेल्या टोकाला लागलं तर तिथली तोंडं बुजतात. शेवटी जे जमलं ते असं: नळीपेक्षा जरा जाड, गोल आणि डोळे-गाठी नसलेली फांदी निवडायची. नळीचं टोक ताणून रुंद करायचं. फांदी दीड-दोन सेंटिमीटर आत गेली की वरून सायकलच्या ट्यूबची बारीक पट्टी ताणून गुंडाळायची. व्हॅसलीन फक्त बाहेरून, पुसून कोरडं केल्यावर. पट्टी ही आमच्या शिपाईमामांची युक्ती. पंक्चरवाल्याकडून फुकट.

तेव्हापासून नियम: प्रत्येक जोडणीच्या शेवटी पानं खुडून बघायची. बुडबुडा जवळपास थांबला तरच त्या दिवसाचे आकडे वहीत.

१९ जुलै

गळती नाही, फांदी पाण्याखाली कापलेली, सगळं नीट. दहा मिनिटांत ०.०२ मिली. दुसऱ्यांदाही तेच.

खिडकीबाहेर तीन दिवस झड लागलेली. ओला-कोरडा तापमापक लावला तर सापेक्ष आर्द्रता ९० टक्क्यांच्या वर. हवाच भिजलेली असेल तर पान पाणी सोडणार कुणाला? यंत्र बरोबर होतं, महिना चुकला होता. कोकणात किंवा घाटमाथ्याला शाळा असेल त्यांनी जुलैत याच्या वाटेला जाऊ नये. टेबलफॅन लावला तर ०.०५ पर्यंत गेलं. पानाला चिकटून बसलेला दमट हवेचा थर वारा हटवतो, एवढाच त्याचा उपयोग.

२३ जुलै

दुपारी ऊन पडलं म्हणून सगळा सांगाडा उचलून खिडकीत ठेवला. बुडबुडा उलटा, फांदीपासून दूर, चालू लागला. मुलांनी लगेच निष्कर्ष काढला की झाड पाणी परत देतंय.

झाड काही देत नव्हतं, सिरिंज तापत होती. ३० अंशांच्या आसपास पाणी दर अंशाला साधारण ०.०००३ पटीने फुगतं. २० मिली पाणी ५ अंशांनी तापलं तर ०.०३ मिली जास्तीचं झालं. आम्ही मोजत होतो त्यापेक्षा हे जास्त. आमचा पोटोमीटर तापमापक झाला होता. सिरिंजमध्ये अर्धा मिली हवा अडकलेली असेल तर आणखी वाईट.

उपाय: २० मिलीच्या जागी ५ मिलीची सिरिंज (८ रुपये), नळ्या शक्य तितक्या आखूड, सिरिंज आणि टी-जोडाभोवती ओलं फडकं, आणि उन्हात फक्त पानं. जागा बदलली की पंधरा मिनिटं काही लिहायचं नाही. शेजारी दुसरा पोटोमीटर, फांदीच्या जागी काचेची कांडी बसवलेला. त्याचा बुडबुडा जितका हलेल तितकं पहिल्यातून वजा.

६ ऑगस्ट

श्रावण लागला. पोटोमीटर आठवडाभर कपाटात, कारण बांधावर तेरडा आला आहे. पाणी वर चढताना डोळ्यांनी बघायचं तर तेरड्यासारखं झाड नाही. खोड पाणीदार आणि अर्धपारदर्शक, भिंगसुद्धा लागत नाही.

रंगावर वेळ गेला. मुलांनी गुलाल आणला, तो विरघळतच नाही, कण कापावर बसून तोंडं बुजवतात. पोस्टर रंगाचंही तेच. लाल शाई चालली, पण सगळ्यात स्वच्छ दिसलं ते सॅफ्रॅनिन, सूक्ष्मदर्शकाच्या कामाचा लाल रंग. प्रयोगशाळेत बाटली असते, एक टक्क्याचं द्रावण पुरे. हातमोजे घाला, माझी बोटं अजून लाल आहेत.

पाण्याखाली कापलेलं खोड रंगात उभं करून पंख्यासमोर ठेवलं. काही मिनिटांतच खोडातून वेगवेगळ्या लाल रेघा वर सरकताना दिसल्या. सगळं खोड लाल होत नाही, हे मुलांना बघू द्या. आडवा काप घेतला की कडेने लाल ठिपक्यांचं कडं दिसतं आणि मधला गर तसाच पांढरट राहतो. दुसरं तसंच खोड पानं खुडून ठेवलं, त्यात रंग जेमतेम वर आला. तिसऱ्याच्या पानांवर पिशवी घालून बांधली, तिथेही ओघ मंदावला. ओढणारं वर आहे, हे एका टेबलावर दिसतं.

मग मुळासकट झाड घेतलं. शेतातून उपटून धुतलेल्या रोपात रंग झपाट्याने चढला. कुंडीतलं रोप कुंडी पाण्यात बुडवून, माती सैल करून, मुळं न तुटू देता काढलं, तर त्यात दुपारपर्यंत फारसं काही दिसलं नाही आणि नंतरही एखादीच फिकट रेघ आली. वर्गात यावरच सगळ्यात जास्त वेळ बोललो. मुळाच्या आतल्या एका थरात पेशींच्या भिंतींना मेणचट पट्टी असते, कॅस्पेरियन पट्टी. पेशींच्या मधल्या वाटेने आलेलं पाणी तिथे अडतं आणि पेशीच्या पडद्यातून गाळूनच पुढे जातं. सॅफ्रॅनिन तिथे बाहेर राहतं. उपटताना मुळं तुटली की ही चौकी ओलांडायची गरजच उरत नाही. पुस्तकात ‘मुळासकट रोप रंगीत पाण्यात ठेवा’ असं सरसकट लिहिलेलं असतं. त्यात जे लाल दिसतं ते बहुतेक तुटलेल्या मुळांचं काम असतं, असं माझं मत झालं आहे.

९ ऑगस्ट

कोबाल्ट क्लोराइडचा कागद. कोरडा असताना निळा, ओल लागली की गुलाबी. पानाच्या दोन्ही बाजूंना चिकटवायचा आणि कुठला आधी गुलाबी होतो ते बघायचं. आमचा कागद बाटलीतून काढून पानापर्यंत नेईस्तोवर गुलाबी. पुन्हा आर्द्रता.

तव्यावर, अगदी मंद आचेवर, सुकवून निळा केला. सिलिका जेलच्या पुड्या टाकलेल्या डब्यात ठेवला. आधीच रुंद चिकटपट्टीच्या मध्यावर कागदाचा चौकोन बसवून ठेवला, मग पट्टी थेट पानावर. चिमट्याने. आंब्याच्या पानाला खालचा कागद लवकर गुलाबी झाला, वरचा बराच वेळ निळा राहिला. आंब्याला पर्णरंध्रं (पाण्याची वाफ बाहेर सोडणारी पानाची बारीक छिद्रं) खालच्या बाजूलाच असतात. मक्याच्या पानाला दोन्ही बाजूंचे कागद थोड्याफार फरकाने बदलले. कोबाल्ट क्लोराइड विषारी आहे. मुलांच्या हातात उघडं देऊ नका, त्याचा तवा पुन्हा स्वयंपाकघरात नेऊ नका आणि वापरलेले कागद वेगळ्या बाटलीत साठवा.

१३ ऑगस्ट

पर्णरंध्रांचे ठसे, नेलपॉलिशने. बिनरंगी घ्या. पातळ थर, वाळू द्या, चिकटपट्टीने उचला, काचपट्टीवर लावा. मक्याचं सुंदर आलं. पेरूला पानाखालची लव आड येते. कणेरीत रंध्रं सापडेचनात. ती पानाच्या खालच्या बाजूच्या खड्ड्यांत, केसांच्या आड दडलेली असतात, नेलपॉलिश तिथवर पोचत नाही. कणेरीचा आडवा पातळ काप घ्यावा लागतो. कणेर विषारी, हात धुवा. तिला चीकही येतो, म्हणून पोटोमीटरलाही ती नको. वड, पिंपळ, रुई, कुठलंही चिकाचं झाड घेतलंत तर कापाचं तोंड चिकाने बंद होतं.

२२ ऑगस्ट

शिपाईमामांच्या परसात अळू आहे. पहाटे पानांच्या टोकांना थेंब लटकतात. मुलं म्हणाली दव. आदल्या संध्याकाळी कुंडीतला अळू पडवीत, छपराखाली आणून ठेवला. सकाळी आजूबाजूच्या कुठल्याच वस्तूवर ओल नव्हती आणि अळूच्या टोकाशी थेंब होते. रात्री पानं ओढत नाहीत, तेव्हा ओल्या जमिनीतून मुळं पाणी वर ढकलतात आणि ते टोकाच्या छिद्रांतून बाहेर पडतं. दुपारी एकही थेंब नव्हता.

१७ सप्टेंबर

गणपतीच्या सुटीत पोटोमीटर भरलेलाच राहिला. नळीत बुळबुळीत थर. कपडे धुवायच्या ब्लीचचं पातळ पाणी रात्रभर ठेवून धुतलं. टी-जोडातला थर निघेना, नवा लावला. वापर झाला की रिकामा करून सुकवा.

२४ सप्टेंबर

गुटी कलमाची आठवण नववीतल्या एका मुलाने काढली. त्याच्या घरी डाळिंबाला गुट्या बांधतात. फांदीवरून बोटभर रुंदीची साल गोल काढतात, तरी वरची पानं सुकत नाहीत. म्हणजे पाणी सालीतून जात नाही, लाकडातून जातं. आणि पानांत तयार झालेली साखर सालीतूनच खाली येते, तिची वाट तोडली म्हणून ती कापाच्या वर साचते, तिथे फुगवटा येतो आणि मुळं फुटतात. बापजाद्यांपासून बांधावर चालत आलेला प्रयोग आम्ही फळ्यावर आकृती काढून शिकवत होतो. जास्वंदीच्या दोन फांद्यांना आवारातच साल काढून चिठ्ठ्या बांधल्या.

७ ऑक्टोबर

आता हवा आमच्या बाजूची. सकाळी दहाला आर्द्रता साठच्या घरात, ऊन लख्ख. जास्वंदीची सहा-सात पानांची फांदी: सावलीत दहा मिनिटांत ०.११ मिली, खिडकीतल्या उन्हात ०.२६, ऊन आणि पंखा ०.३४. वजाबाकी धरून. पानांच्या बाह्यरेषा आलेखकागदावर काढून चौकोन मोजले, क्षेत्रफळ सुमारे २१० चौरस सेंटिमीटर. दोन फांद्यांची तुलना करायची तर पानांच्या क्षेत्रफळाने भागल्याशिवाय करू नका.

दुपारी एकनंतर वेग पडला. ऊन तेच, पंखा तोच, ०.३४ वरून ०.१२. मी लगेच फळ्यावर लिहिलं: दुपारी रंध्रं मिटतात. कुठल्याही पुस्तकात बसेल असं उत्तर. पण मामा म्हणाले, “मॅडम, फुलवाला निशिगंधाचे दांडे दुपारी परत छाटतो, तसं करून बघा की.” नळी बादलीत नेऊन पाण्याखाली दोन सेंटिमीटर छाटलं, पुन्हा बसवलं, पंधरा मिनिटं थांबलो. ०.२८.

म्हणजे बराचसा दोष कापलेल्या टोकाचा होता. तिथे हवा साचते, जखमेचा चिकट द्रव आणि जिवाणू तोंडं बुजवतात. राहिलेली घट रंध्रांची असू शकते, पण तेवढीच. तोडलेल्या फांदीवर दुपारच्या मंदीचा निष्कर्ष काढायचा असेल तर आधी टोक छाटा. तासाभराच्या वर एकच काप ठेवू नका. फळ्यावरचं वाक्य पुसलं.

९ ऑक्टोबर

पोटोमीटर पाणी किती *आत गेलं* ते सांगतो, किती *बाहेर पडलं* ते नाही. ताडून बघायला ०.०१ ग्रॅमचा छोटा काटा मागवला, ४२० रुपये, या सगळ्यातला सर्वात मोठा खर्च. नळी जोडलेलं काट्यावर ठेवलं तर आकडा स्थिर राहीना, म्हणून तशीच दुसरी फांदी पाण्याच्या लहान बाटलीत, पाण्यावर खाद्यतेलाचा थर देऊन, काट्यावर ठेवली. पंखा काट्यापासून दूर, नाहीतर आकडा नाचतो. काटा तीन मिनिटांनी आपोआप बंद होतो आणि चालू केला की शून्यावर येतो. म्हणून बाटली दर वेळी उचलून, काटा चालू करून, मग ठेवायची.

उन्हात नेल्यावर पहिल्या दहा मिनिटांत फांदीचं घटलेलं वजन पोटोमीटरच्या आकड्यापेक्षा जास्त आलं, पुढे दोन्ही जवळ आले. दोन वेगळ्या फांद्या आहेत, त्यामुळे फार जोर देत नाही. पण दिशा पटण्यासारखी आहे: पान आधी स्वतःतलं पाणी खर्च करतं, ओढ नंतर खालपर्यंत पोचते.

१९ ऑक्टोबर

मामांच्या सासुरवाडीला, तासगावकडे, द्राक्षबागेची फळछाटणी चालू. छाटलेल्या काडीच्या टोकातून पाणी ठिबकतं, हे तिथे कुणालाच नवल नाही. द्राक्षवेलीच्या मुळांचा हा जोर इंग्रज संशोधक स्टीफन हेल्सने कापलेल्या वेलीला काचनळी जोडून मोजला होता. त्याचं लेखन छापलं गेलं १७२७ साली. आम्ही तेच सिलिकॉन नळीने केलं. आदल्या रात्री पाणी दिलेल्या ओळीत, नुकत्या छाटलेल्या काडीवर नळी, सायकलच्या ट्यूबची तीच पट्टी, आणि नळी मांडवाच्या तारेला उभी बांधली. सकाळी सातला बांधली, साडेआठला पाणी वरच्या तोंडातून सांडत होतं. दीड मीटरपैकी उरलेली नळी फक्त ८० सेंटिमीटर होती, त्यामुळे जोर ८० सेंटिमीटरपेक्षा जास्त, एवढंच लिहिता आलं. काडी ९ मिलिमीटरची, त्यामुळे नळीचं तोंड बराच वेळ ताणून रुंद करावं लागलं. ८ मिलिमीटरची नळी घ्या, निदान तीन मीटर, आणि तारेच्या वर बांधायला एक उंच बांबू बरोबर न्या.